फडावरचीं माणसें, पडद्यावरचीं माणसें

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत नवीं खेडीं वसविण्याचा विधि सांगतांना एक चमत्कारिक अट घातली आहे. खेड्यांत खेळ-करमणुकीसाठीं शाळा बांधूं नयेत, आणि नट, नर्तक, गवई, वाजविणारे व गोष्टी सांगून पोट भरणारे यांनीं गांवकऱ्यांच्या कामांत विघ्न आणूं नये, असें तो बजावतो. कारणहि तो रोखठोक देतो. खेड्याला शेताखेरीज दुसरा आधार नाहीं. माणूस शेतांत गुंतलेला राहिला तरच कोठार भरतें. मनूनें तर नटाच्या घरचें अन्नच वर्ज्य ठरविलें. इतकेंच कशाला, ज्या नाट्यशास्त्रास आपण पांचवा वेद म्हणून मस्तकीं धरतों, त्याच्याच अखेरच्या भागांत, भरतपुत्रांनीं ऋषींच्या नकला केल्या म्हणून ऋषींनीं त्यांस शूद्रत्वाचा शाप दिल्याची कथा आली आहे.

आणि असें असूनहि शूद्रक मृच्छकटिकाचा प्रारंभ करतो तो भुकेनें कासावीस होऊन घरीं आलेल्या सूत्रधारापासून. घरांत खावयास कांहीं आहे काय, असें तो नटीला विचारतो आणि मग त्या नवराबायकोची गोड थट्टा चालते. कालिदास मालविकाग्निमित्रांत दोन नाट्याचार्यांचें भांडण राजसभेपर्यंत नेतो आणि आपण तें चवीनें वाचतों. नटाला पंक्तीस घ्यावयाचें नाहीं, परंतु त्याच्या चुलीपर्यंतची हकीगत मात्र कान टवकारून ऐकावयाची, ही आपली फार जुनी रीत आहे. कलावंताच्या कलेइतकीच, किंबहुना कलेहून अधिक, त्याच्या जगण्याची गोष्ट पाहणारांस कां गोड लागते, हा विचार आमच्या मनांत गेल्या पावसाळ्यापासून घोळत आहे.

आमचें बिऱ्हाड बेडसे गांवीं. पवनाकाठचा पाऊस एकदां लागला म्हणजे आठ आठ दिवस समोरचा डोंगर दिसत नाहीं. अशा दिवसांत आमच्या नातवानें घरच्या पडद्यावर दोन जुने अमेरिकन बोलपट लावून दिले. दोन्ही १९४२ सालचे, म्हणजे दुसरें महायुद्ध ऐन भरांत असतांनाचे, दोन्ही गाण्यानाचाचे, आणि दोन्ही व्हॉडव्हिल नांवाच्या खेळांत पोट भरणाऱ्या माणसांच्या कथा. इंग्रजी उच्चार आमच्या कानांस सारेच लागत होते असें नाहीं. तरीहि आम्ही ते दोन रात्रीं जागून पाहिले, आणि सौभाग्यवतींनीं तर त्यांतला एक पुन्हां लावावयास सांगितला.

हें व्हॉडव्हिल म्हणजे काय, तें प्रथम सांगितलें पाहिजे. एका रात्रींत आठ-दहा निरनिराळ्या वस्तु एकापाठोपाठ एक दाखवावयाच्या, असा तो खेळ. आरंभीं कसरतवाले किंवा शिकविलेलीं कुत्रीं. कारण प्रेक्षक अजून आंत येत असतात, खुर्च्या वाजत असतात, अशा वेळीं गाणें कोणाच्या कानीं जाणार? मग गाणारी जोडी, मग जादूगार, मग विनोदी संवाद म्हणणारे दोघे, मग नाच. आणि सर्वांत नांवाजलेला कलावंत शेवटून दुसऱ्या जागीं. प्रत्येकास दहा-पंधरा मिनिटें. आज या गांवीं, पुढच्या आठवड्यांत त्या गांवीं, सामानाची पेटी आगगाडींत टाकून सारा देश पालथा घालावयाचा. प्रारंभीं हा खेळ दारूच्या गुत्त्यांच्या संगतीनें वाढला, म्हणून कुलीन स्त्रिया त्याकडे फिरकत नसत. न्यूयॉर्कच्या टोनी पास्टर नांवाच्या गृहस्थानें १८८१ सालीं आपल्या नाट्यगृहांतून दारू व ग्राम्य विनोद दोन्ही काढून टाकले, आणि घरच्या बायकामुलांनीं यावें म्हणून कोळशाच्या व खाद्यपदार्थांच्या भेटी वाटल्या. त्याच्या मागून आलेल्या कीथ नांवाच्या मालकानें तर कोणते शब्द रंगभूमीवर उच्चारूं नयेत याच्या सूचनाच पडद्यामागें लावून ठेविल्या होत्या. व्यवसाय सभ्य झाला, भरभराटला, आणि १९१३ सालीं न्यूयॉर्कांत उघडलेलें ‘पॅलेस’ हें नाट्यगृह त्या साऱ्या कलावंतांची काशी झाली. तेथें एकदां खेळ झाला म्हणजे जन्माचें सार्थक.

आतां ते दोन बोलपट. ‘फॉर मी अँड माय गॅल’ या पहिल्यांत ज्यूडी गार्लंड व जीन केली यांनीं अशाच एका फिरत्या जोडीचीं कामें केलीं आहेत. केलीचा हा पहिलाच चित्रपट. दोघांना एकच ध्यास, पॅलेसमध्यें खेळावयाचें. तो योग जुळून येतो न येतो तोंच पहिल्या महायुद्धाची लष्करभरती येऊन ठेपते. नायक स्वार्थी आहे. आपला खेळ हुकूं नये म्हणून तो पेटीच्या झांकणाखालीं स्वतःचा हात चेंगरून घेतो, कीं काय तर हात दुखावला म्हणजे सरकार बोलावणार नाहीं. त्याच वेळीं नायिकेचा भाऊ रणांत पडल्याची वार्ता येते. ती त्याचा हात पाहते, काय घडलें तें ओळखते आणि त्यास सोडून जाते. पुढें तो फ्रान्समध्यें शिपायांपुढें गाण्यानाचाचे कार्यक्रम करूं लागतो, संकटाच्या एका प्रसंगीं शौर्य दाखवितो, आणि युद्ध संपल्यावर दोघांची भेट होते ती पॅलेसमध्येंच. या शौर्याच्या प्रसंगाची एक मौज आहे. चाचणीच्या खेळास आलेल्या प्रेक्षकांना हा नायक इतका नावडला कीं नायिकेनें दुसऱ्याच सज्जन गृहस्थास वरावें असें त्यांचें मत पडलें, आणि चित्रपटवाल्यांना कथेचा शेवटचा भाग नव्यानें चित्रित करून नायकास अधिक शूर करावें लागलें. युद्धाच्या दिवसांत नाटक्यालाहि परीक्षा चुकली नाहीं, ती अशी.

दुसरा ‘यांकी डूडल डँडी’. हा जॉर्ज कोहान या खऱ्याखुऱ्या नटाचा व गीतकाराचा चरित्रपट. आई, बाप, बहीण व स्वतः जॉर्ज अशा चौघांचें हें कुटुंब व्हॉडव्हिलच्या फेऱ्यांत वाढलें. जॉर्जनें पहिल्या महायुद्धांत रचलेलें शिपायांचें गीत अमेरिकेंत घरोघर पोंचलें होतें. डिसेंबर १९४१ मध्यें पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला त्याच सुमारास या चित्रपटाचें चित्रण सुरू झालें होतें. न्यूयॉर्कांतील पहिल्या खेळाच्या जागा युद्धकर्जाचे रोखे घेणारांस दिल्या गेल्या. जेम्स कॅग्नीला या कामाबद्दल उत्कृष्ट नटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. शेवटीं म्हातारा कोहान राष्ट्राध्यक्षांची भेट घेऊन त्यांच्या वाड्याचा जिना उतरतो, आणि उतरतां उतरतां त्याचे पाय आपोआप नाचूं लागतात. सौभाग्यवतींनीं पुन्हां लावावयास सांगितला तो हाच भाग.

युद्धकाळीं हे बोलपट लोकांना इतके कां आवडले असावेत? नवरा, मुलगा, भाऊ दूर गेला आहे अशा घरांत, वियोगानंतर पुन्हां एकत्र येणाऱ्या जोडीची गोष्ट गोड लागणारच. जुनीं गाणीं ऐकून आजीला तिचें तरुणपण आठवावें आणि नातीला तीं नवींच वाटावींत, हाहि त्यांतला एक भाग. परंतु आमच्या मतें मुख्य कारण निराळें आहे. युद्ध आलें म्हणजे प्रत्येक माणसास एकच प्रश्न विचारला जातो, कीं बाबा, तूं कोणत्या कामाचा? शेतकरी धान्य पिकवितो, लोहार तोफा घडवितो, तूं गातोस. मग तुझा उपयोग काय? हा कौटिल्याचाच प्रश्न. या चित्रपटांनीं त्याला नाचून उत्तर दिलें, आणि तें उत्तर देणारीं माणसें भाडोत्री नव्हतीं. ज्यूडी गार्लंड अडीच-तीन वर्षांची असल्यापासून बहिणींबरोबर अशाच फिरत्या खेळांत गात होती. कॅग्नीनें पोटासाठीं व्हॉडव्हिलमध्यें स्त्रीवेषांत नाचण्यापासून आरंभ केला होता. पडद्यावर जें चाललें होतें तें आपल्याच जन्माचें समर्थन होतें, म्हणून त्यांत जीव आहे.

एक गोष्ट मात्र विसरतां येत नाहीं. हे चित्रपट निघाले तेव्हां व्हॉडव्हिल मरून दहा वर्षें झालीं होतीं. बोलपट आले, रेडियो आला. १९३२ सालीं खुद्द पॅलेस नाट्यगृहांत खेळ बंद होऊन चित्रपट दाखविले जाऊं लागले. ज्यानें मारलें त्यानेंच मग श्राद्ध घातलें, आणि तें मोठ्या थाटानें घातलें.

आमच्याकडेहि असें घडलें नाहीं असें नाहीं. १९३२ सालींच प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट निघाला आणि पांचदहा वर्षांत संगीत नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांना टाळीं लागलीं. खुद्द बालगंधर्वांना १९३५ सालीं ‘धर्मात्मा’ या बोलपटांत काम करावें लागलें, आणि ज्यांच्या शालूपैठणीकडे बघून घरोघरच्या स्त्रिया नेसावयास शिकल्या ते तेथें एकनाथांच्या पुरुषवेषांत उभे राहिले. तथापि अमेरिकेच्या व्हॉडव्हिलशीं ज्याचें खरें नातें आहे तें आमचें संगीत नाटक नव्हे. तें नातें तमाशाचें.

वाचकांनीं दोहोंची मांडणी ताडून पाहावी. प्रथम गण, म्हणजे गणेशाचें स्तवन. मग गौळण, तींत कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या व ‘मावशी’ म्हणून स्त्रीवेष घेतलेला पुरुष यांची थट्टामस्करी. मग लावण्या, मग बतावणी, म्हणजे दोघांचा हजरजबाबी विनोद, आणि शेवटीं वग, म्हणजे कथानक. ढोलकी, हलगी, तुणतुणें, मागें सूर धरणारे झीलकरी, आणि साऱ्या खेळाचा प्राण जो सोंगाड्या. तेथेंहि एका वस्तूमागून दुसरी वस्तु, येथेंहि तेंच. तेथें आगगाडी, येथें पूर्वीं बैलगाडी व आतां मालमोटार. तिकडच्या खेळांच्या नेमणुका न्यूयॉर्कांतील कचेऱ्यांतून होत. आमच्या पुणें जिल्ह्यांत नारायणगांवीं फडमालक आपापल्या राहुट्या ठोकून बसतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास गांवोगांवचे पंच तेथें येऊन जत्रेची सुपारी देतात. दसऱ्याला हंगाम सुरू होतो, बुद्धपौर्णिमेस संपतो. एक फरक मात्र मोठा. टोनी पास्टरनें बायकामुलांसाठीं दार उघडलें. आमच्याकडे तें दार आंतून कोणीं उघडलें नाहीं आणि बाहेरूनहि कोणीं ठोठावलें नाहीं. तमाशाचे कलावंत बहुतेक महार, मांग, कोल्हाटी या समाजांतले, आणि पाहणारे पुरुष. शिकलेल्या घरांत ‘तमाशा’ हा शब्दच शिवीसारखा वापरला जाई.

अशा घरांना जो पहिला सभ्य दरवाजा मिळाला तो ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाचा. वर्ष १९४७. राजकमल कलामंदिर ही व्ही. शांताराम यांची संस्था ऐन युद्धांत, १९४२ सालीं, स्थापन झालेली. त्या काळांत कच्च्या फिल्मचा तुटवडा, सरकारी परवाने, चित्रपटाच्या लांबीवर मर्यादा; जो तो मिळेल ती फिल्म हिंदी चित्रपटास वापरी आणि मराठी चित्रपट जवळजवळ आटला होता. युद्ध संपल्यावर १९४६ सालीं राजकमलनें डॉक्टर कोटणिसांवर चित्रपट काढला आणि पुढच्याच वर्षीं रामजोशींवर. एक चीनमधील रणभूमीवर रोग्यांची शुश्रूषा करतां करतां देह ठेवणारा डॉक्टर, दुसरा लावण्या रचणारा शाहीर, आणि दोघेहि सोलापूरचे. दिग्दर्शन बाबूराव पेंटर व शांताराम यांचें, संवाद व गीतें ग. दि. माडगूळकरांचीं, संगीत वसंत देसायांचें. रामजोशींच्या कामास जयराम शिलेदार, म्हणजे बोलपटानें ज्यांचें माहेर मोडलें त्या संगीत रंगभूमीचेच गायक नट. आणि बयाच्या कामास हंसा वाडकर.

रामजोशी हे खरोखरच झालेले पुरुष. उत्तर पेशवाईचा काळ, घराणें वेदशास्त्रसंपन्न, वडील बंधु मुद्गल जोशी पुराणिक. धाकटा तमाशाच्या फडाच्या नादीं लागला म्हणून थोरल्यानें त्यास घराबाहेर काढलें. पंढरपुरास जाऊन त्यांनीं शास्त्राध्ययन केलें, कीर्तनें केलीं. परंतु पुन्हां डफतुणतुण्याकडे वळले. यमकांचा व श्लेषांचा असा धबधबा दुसऱ्या शाहिराच्या वाणींत नाहीं, आणि संस्कृत न जाणणारास त्यांतली अर्धी गोडी कळत नाहीं, हें आम्ही आमच्या पंतोजीपणाची पर्वा न करतां सांगतों. बारामतीच्या मोरोपंतांनीं त्यांस कविप्रवर म्हणून गौरविलें आणि कीर्तनाच्या मार्गास लाविलें, अशी परंपरा आहे. १८१२ च्या सुमारास ते वारले.

या चरित्रांत ब्राह्मण कुटुंबांस काय सांपडलें तें उघड आहे. फडावर उभा राहणारा आपल्यांतला, त्याच्या मुखीं संस्कृत, त्याच्यावर मोरोपंतांचा हात. पडद्यावर ढोलकी वाजे ती दीडशें वर्षांपलीकडची, तिच्याभोंवतीं पेशवाईचा धूप दरवळे. आमच्या आत्याबाईंनीं हा चित्रपट पुण्यास पांच वेळां पाहिला. त्यांतल्या लावण्या त्या निवडणटिपण करतांना गुणगुणत, आणि बया व रामजोशी यांच्या सवालजवाबाचा प्रसंग त्यांना दोन्ही बाजूंनीं तोंडपाठ होता. त्याच आत्याबाई चैत्रांत आमच्याकडे राहावयास आल्या आणि शेजारच्या गांवच्या जत्रेंतून ढोलकी ऐकूं येऊं लागली म्हणजे उठून खिडकी लावून घेत. त्या लबाड नव्हत्या. पडद्यावरची बया आणि शेतांतल्या कनातींतली नाचणारी या दोघी एकाच जातीच्या कलावंत आहेत, हें त्यांच्या मनांतच कधीं आलें नाहीं. चित्रपटांतली पेशवाई त्या दोघींच्या मध्यें उभी होती.

आमच्या गांवच्या लेण्यांत याचें एक जुनें चित्र आहे. डोंगराच्या पायऱ्या चढून चैत्यगृहापुढें आलें म्हणजे ओसरींत चार उंच खांब दिसतात. त्यांच्या शिरोभागीं घोडे, हत्ती, बैल, आणि त्यांवर बसलेलीं स्त्रीपुरुषांचीं जोडपीं. दागिन्यांनीं मढलेलीं, हंसतमुख, जणूं जत्रेस निघालेलीं. दोन हजार वर्षांपूर्वींच्या भिक्षूंनीं हा आनंद आपल्या दारांत खुशाल उभा करूं दिला. आंत गेलें म्हणजे मात्र खांब साधे अष्टकोनी, त्यांवर घोडा नाहीं कीं जोडपें नाहीं. मौज ओसरीपर्यंत, आंत स्तूप. मराठी शिकलेल्या घरांनीं तमाशास जी जागा दिली ती हीच, फक्त दगडाऐवजीं कापडी पडद्यावर.

ज्या सुमारास पुण्यामुंबईंत ‘रामजोशी’ गर्दी खेंचीत होता त्याच सुमारास मुंबई सरकारनें तमाशावर बंदी घातली होती. पुढें फडमालकांच्या व कलावंतांच्या गाऱ्हाण्यांनंतर ती उठली आणि वगांच्या संहिता तपासून घेण्याची अट आली. पडद्यावरच्या तमाशाला टाळ्या आणि मातींतल्या तमाशाला मनाई, असा तो काळ. त्याच्याहि थोडें मागें, युद्धाच्याच दिवसांत, १९४४ सालीं अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनीं लाल बावटा कलापथक काढून तमाशाचाच सांचा मजुरांच्या वस्त्यांत नेला आणि त्यांतून महागाईच्या, सावकाराच्या गोष्टी सांगितल्या. त्यांचीं सारीं मतें आम्हांस पटतात असें नव्हे. परंतु युद्धकाळीं कलावंत कोणत्या कामाचा, या प्रश्नाला आमच्या भाषेंतलें जिवंत उत्तर त्यांनीं दिलें, आणि तें गिरणगांवाच्या चौकांत दिलें.

‘रामजोशी’नंतर पडद्यावर शाहिरांची रांगच लागली. १९५१ मध्यें होनाजी बाळाची ‘अमर भूपाळी’, तीहि पेशवाईंतलीच. १९५९ मध्यें अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’, हा आजच्या खेड्यांतला. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहांत तो १३१ आठवडे चालला. १९७२ मध्यें शांतारामांचा ‘पिंजरा’, ज्याचें मूळ १९३० च्या ‘ब्ल्यू एंजल’ या जर्मन बोलपटांत आहे. त्यांत गांवचा आदर्श मास्तर फडावरच्या बाईच्या नादानें धुळीस मिळतो. तो लागला त्या वर्षीं पंचक्रोशींतल्या सर्व मास्तरांनीं जत्रेकडे पाठ फिरविली होती, असें आमचे एक वडीलधारे सहकारी हंसत सांगत. २०१० मध्यें आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ आला आणि शहरांतल्या मुलांना नाच्याच्या जन्माची कहाणी कळली. या साऱ्या चित्रपटांत ती एकच गोडी आहे: रंगपटांत चेहऱ्यावर रंग चढतो आहे, बाहेर लोक खोळंबले आहेत, आंत कोणाचें तरी काळीज फाटलें आहे, आणि ढोलकीवर थाप पडते.

ही गोडी खोटी नव्हे, हें दोन स्त्रियांच्या चरित्रांवरून कळतें. पहिली हंसा वाडकर. पडद्यावर ज्या बया झाल्या आणि ‘सांगत्ये ऐका’नें ज्यांचें नांव घरोघर नेलें, त्यांनीं त्याच नांवाचें आत्मचरित्र लिहिलें, तें १९७० मध्यें पुस्तकरूपानें निघालें आणि पुढच्याच वर्षीं त्या वारल्या. नटीच्या घरांत काय चालतें तें इतक्या निर्भीडपणें आपल्या भाषेंत आधीं कोणीं सांगितलें नव्हतें. श्याम बेनेगलांनीं त्यावरून १९७७ मध्यें ‘भूमिका’ हा चित्रपट काढला. मृच्छकटिकाच्या नटीला सूत्रधार खावयास काय आहे म्हणून विचारतो. हंसाबाईंच्या पुस्तकांत त्या नटीनें स्वतः तोंड उघडलें आहे, आणि तिच्या कमाईवर किती तोंडें जेवत होतीं तें सांगितलें आहे.

दुसऱ्या नारायणगांवच्या विठाबाई भाऊ मांग. जन्म १९३५, मृत्यु २००२. आजोबा, बाप, चुलता सर्व तमाशाचेच. कोहानच्या चौघांची गोष्ट पाहतांना आम्हांस सारखी या घराण्याची आठवण होत होती. दिवस भरलेले असतांना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या मागें गेल्या, प्रसूत झाल्या, दगडानें नाळ तोडली आणि पुन्हां घुंगरूं बांधून पुढें आल्या. पोट उतरलेलें पाहून लोकांस काय घडलें तें समजलें आणि त्यांनींच हात जोडून खेळ थांबविला. ही हकीगत सर्व महाराष्ट्रांत सांगितली जाते. युद्धकाळांत सीमेवरच्या जवानांपुढेंहि त्यांनीं आपली कला नेली. म्हणजे जीन केलीनें पडद्यावर जें केलें तें विठाबाईंनीं थंडीवाऱ्यांत केलें. राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. अखेरचे दिवस मात्र ओढगस्तीचे गेले, दवाखान्याचा खर्च लोकांच्या मदतीनें भागला. आज राज्यशासनाचा तमाशाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नांवें दिला जातो.

येथें अमेरिकेचा व आमचा मार्ग वेगळा होतो. हॉलिवुडनें ज्याचें गाणें गाइलें तें व्हॉडव्हिल संपलेलें होतें. प्रेक्षकांनीं डोळे पुसले तरी त्यांस दुसरें कांहीं करतां येण्यासारखें नव्हतें. आमच्या चित्रपटांनीं तमाशाला पेशवाईच्या मखरांत बसविलें, आणि जणूं तोहि संपलाच अशा समजुतीनें आपण डोळे पुसले. परंतु तो संपलेला नव्हता. आजहि नाहीं. २०२० व २०२१ या दोन वर्षीं साथीमुळें जत्रा बंद राहिल्या तेव्हां फडांच्या मालमोटारी जागच्या जागीं उभ्या राहिल्या, कलावंत मोलमजुरीस गेले. तरी जत्रा सुरू होतांच राहुट्या पुन्हां उभ्या राहिल्या. एका मोठ्या फडाबरोबर शंभराच्या आसपास माणसें हिंडतात. नाचणाऱ्या व गाणारांइतकेच कनात ठोकणारे, दिवे सांभाळणारे, भाकरी थापणाऱ्या बायका, मालमोटारीचे चालक. या साऱ्यांचा वर्षाचा संसार त्या सातआठ महिन्यांवर चालतो, आणि त्यांतहि खरी कमाई चैत्र-वैशाखांतल्या जत्रांची. लावणी आतां शहरांतल्या नाट्यगृहांत तिकीट लावून होते आणि स्त्रिया ती पाहावयास मोकळेपणीं जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तेथें वग नसतो, सोंगाड्या नसतो. आठ-दहा वस्तूंच्या पंगतींतील एकच पक्वान्न उचलून शहरानें आपल्या ताटांत वाढून घेतलें आहे.

गेल्या चैत्रांत पवनाकाठच्या एका गांवीं जत्रेस फड आला होता. हे बोलपट त्यानंतर पावसाळ्यांत पाहिले. तेव्हां त्यांचा यांत कांहीं हात नाहीं. आमच्या सूनबाईंनीं सहज विचारलें कीं स्त्रियांनीं वग पाहावयास गेलें तर चालेल काय. आम्हीं तेथील सरपंचांस विचारलें. तेहि क्षणभर घोटाळले, आणि मग त्यांनीं कनातीच्या उजव्या अंगास बांबू बांधून, सतरंजी घालून जागा करून दिली. आमच्या घरच्या दोघी, शेजारच्या तिघी आणि अंगणवाडीच्या बाई अशा सहाजणी गेल्या. त्यांना पाहून त्या गांवच्याहि पांचसात बायका येऊन बसल्या. गौळणींत मावशीनें एक विनोद केला, बांबूकडे नजर टाकली, आणि पुढचा विनोद गिळून दुसराच काढला. त्यावर सर्वांत मोठ्यानें हंसल्या त्या या सतरंजीवरच्या. वग उशिरां उभा राहिला. ध्वनिक्षेपकाच्या नियमाप्रमाणें रात्रीं दहाला खेळ आवरावा लागतो, म्हणून राजकन्या कैदेंत आणि प्रधान पळालेला अशा ऐन पेचांत पडदा पडला. लोक कुरकुरत उठले. वगाचा शेवट काय होतो तें सूनबाईंनीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं, हजेरीचा खेळ आटोपून मंडळी चहा पीत बसली असतां, सोंगाड्याला जाऊन विचारलें. त्यानें कप खालीं ठेवला आणि चारहि पात्रांचे आवाज काढून तो उभ्याउभ्या करून दाखविला.